दारू सोडल्यावर आधार कसा उभा करायचा

प्रश्न थोडक्यात असा: दारू बंद करून तीन आठवडे झाले. घरचे खूश आहेत, मित्र ‘काही लागलं तर सांग’ म्हणतात, तरी संध्याकाळ निघता निघत नाही. इतरांनी कसं निभावलं ते ऐकून-वाचून किंवा स्वतः लिहून काही उपयोग होतो का? आणि खरा आधार शोधायचा कुठे?

‘काही लागलं तर सांग’ या वाक्यात माया असते, पण त्याच्या भरवशावर संध्याकाळ काढता येत नाही. तलफ आलेल्या माणसाला आपल्याला काही लागलंय हेच वेळेवर कळत नाही, आणि कळलं तरी फोनकडे हात जात नाही. म्हणून आधार ठरवताना तीन गोष्टी एकत्र ठरवाव्या लागतात: कोणता माणूस, कोणत्या वेळी, नेमक्या कोणत्या कामासाठी. ही तिन्ही ठरलेली नसतील, तर पाठीशी दहा जण असूनही ऐन क्षणी माणूस एकटाच असतो.

आधी शरीराची बाजू उरकून घेऊ. रोज भरपूर पिणाऱ्याने दारू एकदम थांबवली की शेवटच्या पेगनंतर साधारण ६ ते ८ तासांत हात थरथरणं, घाम, छातीत धडधड सुरू होते. फिट यायची असेल तर ती बहुधा ६ ते ४८ तासांत येते. वेळकाळाचं भान सुटणं, नसलेल्या गोष्टी दिसणं, ताप, कमालीची अस्वस्थता हा सर्वांत धोक्याचा प्रकार दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या दरम्यान उद्भवतो. तीन आठवडे गेले म्हणजे हा टप्पा मागे पडला. पण मध्येच पुन्हा चार-पाच दिवस सलग पिणं झालं, तर ‘मागच्या वेळी घरीच निभावलं होतं’ हा हिशेब लावू नका. थांबणं-सुरू होणं वारंवार घडलं की पुढचा विथड्रॉवल (म्हणजे नशा थांबवल्यावर शरीराला होणारा हा त्रास) अधिक तीव्र होऊ शकतो. पूर्वी कधी फिट येऊन गेली असेल, तर पुढचं थांबणं डॉक्टरांच्या देखरेखीखालीच. आणि चालताना तोल जाणं, दोन-दोन दिसणं, बोलण्यात गोंधळ अशी लक्षणं दिसली तर तो थायमिनच्या (ब-१ जीवनसत्त्वाच्या) कमतरतेचा मेंदूवरचा परिणाम असू शकतो. त्याला तातडीने रुग्णालय लागतं. तिथे थायमिन शिरेतून दिलं जातं, गोळ्यांनी भागत नाही.

दारूबरोबर झोपेच्या किंवा चिंतेच्या गोळ्या रोज चालू असतील, तर त्याही मनाने एकदम बंद करायच्या नाहीत. त्यांच्या विथड्रॉवलमध्येही फिट येते. व्यसन अफूवर्गातल्या पदार्थांचं असेल (हेरॉइन किंवा तीव्र वेदनाशामकं), तर काही आठवडे बंद राहिल्यावर शरीराची सहनशक्ती उतरलेली असते आणि जुन्या मात्रेनेच श्वास थांबू शकतो. अशा घरात नॅलोक्सोन (अफूवर्गातल्या पदार्थांचा जास्त मात्रेतला परिणाम उलटवणारं औषध) मिळत असेल तर आणून ठेवावं आणि ते कसं द्यायचं हे दोघा-तिघांना शिकवून ठेवावं.

आता तिसऱ्या आठवड्याकडे येऊ. याच सुमारास बहुतेकांना वाटतं की आपलं काहीतरी चुकतंय. शरीर सावरलेलं असतं, चेहरा उजळलेला असतो, सगळे कौतुक करतात, आणि आत मात्र कशातच राम वाटत नाही. झोप तुटक असते, चिडचिड होते, लक्ष लागत नाही. हे काही महिने चालू शकतं, कारण मेंदूची घडी हळूहळू बसते. बाहेरच्यांना दिसणारी सुधारणा आणि आतली अवस्था यांतलं हे अंतर फार घातक ठरतं. घरचे सुटकेचा श्वास टाकून मागे सरकतात नेमके त्याच वेळी त्यांची गरज वाढलेली असते. उदासी चार आठवडे दारू बंद राहूनही तशीच टिकली, तर तिची वेगळी तपासणी आणि वेगळे उपचार हवेत. ती सगळीच दारूमुळे आहे असं धरून बसू नये. मरणाचे विचार येत असतील तर मात्र चार आठवडे थांबायचं नाही. त्याच दिवशी डॉक्टर, आणि त्या रात्री एकटं राहायचं नाही.

वेळा शोधा, मग माणसं

एक छोटी वही घ्या आणि सात दिवस फक्त तलफेची नोंद ठेवा. किती वाजता, कुठे, सोबत कोण, ० ते १० मध्ये किती जोराची, त्या आधीच्या तासाभरात काय घडलं, आणि शेवटी काय केलं. शिवाय चार गोष्टींवर हो किंवा नाही लिहा: भूक, राग, एकटेपणा, थकवा. सात दिवसांनी वही उघडली की बहुतेकांच्या लक्षात येतं की ‘दिवसभर ओढ लागते’ हे खरं नव्हतं. दोन-तीन ठराविक खिडक्या असतात: काम सुटल्यापासून घरी पोचेपर्यंतचा तास, घरातली सगळी झोपल्यानंतरची वेळ, सुट्टीची दुपार, पगाराचा दिवस. यांतल्या किती खिडक्या भूक आणि थकव्यामुळे उघडतात हे पाहून आश्चर्य वाटेल. त्यांतल्या बऱ्याच वेळा पाच वाजता पोटभर खाल्ल्याने आणि अर्धा तास आडवं झाल्यानेच बोथट होतात. तिथे माणूस शोधायची गरजच नसते.

तलफ एका लाटेत चढते, टोकाला जाते आणि ओसरते. या सगळ्याला बहुतेक वेळा वीस-तीस मिनिटं लागतात. फार लांबली असं वाटतं तेव्हा बहुधा माणूस त्याच जागी, त्याच विचारांत बसून तिला पुन्हा पुन्हा चेतवत असतो. म्हणजे आधाराच्या माणसाकडून आयुष्यभराची साथ मागायची नाहीये. ठराविक खिडकीतली तीस-चाळीस मिनिटं मागायची आहेत. ही मागणी इतकी लहान आहे की लोक ती खरोखर पूर्ण करू शकतात.

आता माणसं. कामं वेगवेगळी आहेत, ती एकाच डोक्यावर टाकू नका. तलफेच्या वेळी फोन घेणारा माणूस शक्यतो स्वतः या वाटेने गेलेला असावा, कारण त्याला ‘का?’ समजावून सांगावं लागत नाही. खिडकी भरून काढणारा माणूस (सोबत चालणारा, खेळणारा, काही शिकवणारा) वेगळा. त्याला तुमचं व्यसन माहीत असण्याचीही गरज नाही. आठवड्यातून एकदा समोर बसून ‘या आठवड्यात तू टाळाटाळ करतोयस’ असं तोंडावर सांगू शकणारा तिसरा. आणि डॉक्टर किंवा समुपदेशक चौथा, ज्याच्यापाशी कुणाला न सांगता येणारं बोलता येतं.

प्रत्यक्षात ही चारही कामं बायकोवर, नवऱ्यावर किंवा आईवर येऊन पडतात आणि दोन महिन्यांत ते माणूस थकतं. त्याहून वाईट म्हणजे ते पहारेकरी होतं: तोंडाचा वास घेणं, खिसे तपासणं, दहा मिनिटं उशीर झाला की फोनवर फोन. पहारा सुरू झाला की सोडणाऱ्याचं सगळं लक्ष न पिण्यावरून न सापडण्याकडे वळतं. म्हणून घरच्या माणसाला एक-दोन नेमकी कामं द्या आणि बाकीच्यांतून मोकळं करा. उदाहरणार्थ, घरात बाटली येऊ न देणं आणि संध्याकाळचं खाणं वेळेवर होईल हे बघणं. ‘आज घेतलीस का?’ हा प्रश्न रोज विचारायचा नाही, असं दोघांनी उघड ठरवावं. त्याऐवजी ‘आज किती होती?’ एवढंच विचारायचं, म्हणजे तलफ दहापैकी किती. याचं उत्तर देताना खोटं बोलावंसं वाटत नाही.

मागायचं कसं

अडचण इथे असते. ‘मला आधार हवाय’ म्हटलं की समोरचा गोंधळतो आणि उपदेश सुरू करतो. मागणी अशी असावी: ‘पुढचे चार आठवडे, सोमवार ते शुक्रवार, मी साडेसहाला निघालो की तुला फोन करेन. पंधरा मिनिटं बोलू, कशावरही. दारूचा विषय काढायची गरज नाही. जमेल का?’ वेळ, मुदत आणि काम तिन्ही सांगितलेली असल्याने त्याला हो म्हणणंही सोपं आणि नाही म्हणणंही सोपं. नाही आलं तर ते आत्ताच आलं, ऐन रात्री नव्हे. चार आठवड्यांनी पुन्हा विचारा. मुदत न घातलेली मदत हळूहळू विरते आणि दोघांनाही अपराधी वाटत राहतं.

फोनची सवय तलफ नसताना लावायची. आठवडाभर रोज, सगळं ठीक असताना, ‘आज दोन होती, काही विशेष नाही’ एवढंच सांगायला फोन करा. पहिला फोन सर्वांत अवघड जातो आणि तो जर दहापैकी नऊच्या तलफेत करायचा ठरवला तर होतच नाही. नंबर किमान तीन असावेत. एकाने उचलला नाही की ‘बघ, कुणालाच पडलेली नाही’ हा विचार क्षणात येतो. दुसरा नंबर लगेच खाली हवा. ही यादी फोनमध्येही ठेवा आणि कागदावर पाकिटातही.

फोनवर काय बोलायचं हेही ठरलेलं बरं: आत्ता किती आहे, कुठे उभा आहे, जवळ पैसे किंवा बाटली आहे का, पुढचा अर्धा तास काय करणार. ऐकणाऱ्याने ‘का रे असं?’, ‘मुलांचा तरी विचार कर’ ही वाक्यं गिळायची. ‘तिथून निघता येईल का? चालत निघ, मी लाइनवर आहे’ हे एकच वाक्य दहा उपदेशांपेक्षा जास्त काम करतं. पाय हलले, जागा बदलली की आकडा खाली येऊ लागतो. समोरचा प्यायलेला असेल तर मात्र त्या वेळी चर्चा, समजूत, भांडण काहीच करू नये. तो सुरक्षित आहे का एवढं पाहावं, आणि बाकीचं सकाळी.

गट

स्वतः या वाटेने गेलेली माणसं सर्वांत सहज मिळतात ती गटांत. अल्कोहॉलिक्स अ‍ॅनॉनिमस, म्हणजे एए, १९३५ साली अमेरिकेतल्या अ‍ॅक्रन शहरात दोन दारुड्यांनी एकमेकांशी बोलण्यातून सुरू झालं, आणि आजही त्याचा गाभा तोच आहे. फी नाही, नोंदणी नाही, पूर्ण नाव सांगावं लागत नाही. दारू थांबवण्याची इच्छा एवढी एकच अट. एएच्या बारा पायऱ्यांतली ‘उच्चतर शक्ती’ची, म्हणजे देवासारख्या मोठ्या शक्तीवर भार टाकण्याची, भाषा ज्यांच्या पचनी पडत नाही त्यांच्यासाठी १९९४ पासून चालणारी स्मार्ट रिकव्हरी ही वेगळ्या, विचार-वर्तनाच्या तंत्रांवर आधारलेली चळवळ आहे, तिच्या ऑनलाइन बैठकाही होतात. नावापेक्षा तुम्ही कुठे नियमित जाल हे महत्त्वाचं.

‘अशा गटांनी खरंच काही होतं का?’ हा प्रश्न रास्त आहे. २०२० साली कॉक्रेनच्या (वैद्यकीय अभ्यास एकत्र तपासणाऱ्या संस्थेच्या) आढाव्यात २७ अभ्यास आणि दहा हजारांहून जास्त माणसांची माहिती एकत्र पाहिली गेली. एएशी पद्धतशीरपणे जोडून देणारे उपचार सलग दारूमुक्त राहण्याच्या बाबतीत इतर मान्य मानसोपचारांपेक्षा सरस ठरले, बाकी मोजमापांत जवळपास बरोबरीचे. कारण काय, हेही तपासलं गेलं आहे, आणि त्यात मोठा वाटा ओळखीपाळखीच्या वर्तुळात बदल होण्याचा दिसतो. अमेरिकेतल्या एका प्रयोगात (लिट व सहकारी, २००९) वर्तुळात एक न पिणारा माणूस जरी वाढला तरी पुढच्या वर्षी दारूमुक्त राहण्याची शक्यता २७ टक्क्यांनी वाढलेली आढळली. एक माणूस! मन घट्ट करण्याच्या शपथा घेण्यापेक्षा एक नवी ओळख करून घेणं जास्त फलदायी, असा याचा सरळ अर्थ मी लावतो.

पहिल्या मीटिंगवरून मत बनवू नका. दोन-तीन वेगवेगळ्या गटांच्या मिळून किमान सहा मीटिंगा बसून बघा. गटागणिक माणसं, वय, सूर सगळं वेगळं असतं. दहा मिनिटं आधी पोचा आणि संपल्यावर लगेच पळू नका. खरी कमाई मीटिंगनंतरच्या उभ्या-उभ्या गप्पांत असते, नंबर तिथे मिळतात. मागच्या रांगेत बसून, शेवटची प्रार्थना सुरू होताच निसटणारा माणूस सहा महिने येऊनही एकटाच राहतो. पहिल्या काही वेळा बोलायची सक्ती नसते. ‘आज फक्त ऐकतो’ म्हटलं की पुरतं.

स्पॉन्सर, म्हणजे गटातला नव्याला वाट दाखवणारा जुना सदस्य, निवडताना तो किमान एक-दोन वर्षं टिकलेला, शक्यतो तुमच्याच लिंगाचा आणि फोन उचलणारा असावा. भाषण छान करतो हा निकष नव्हे. आणि स्पॉन्सर डॉक्टर नसतो. ‘नैराश्याच्या गोळ्या म्हणजेसुद्धा नशाच, बंद कर’ असं कुणी सांगितलं तर ते ऐकू नका. एएने स्वतःच आपल्या सदस्यांना डॉक्टरी करू नये असं छापील पत्रकातून सांगितलेलं आहे. दुसरी गोष्ट गटातले जुने लोक दबक्या आवाजात ‘तेरावी पायरी’ म्हणतात: जुन्या सदस्याने नवख्याशी, विशेषतः नवख्या बाईशी, सलगी करणं. पहिल्या वर्षात मदतीच्या नावाखाली रात्री-अपरात्री एकांतात भेटायचा आग्रह, पैशांची देवाणघेवाण किंवा प्रेमप्रकरण यांतलं काहीही सुरू होताना दिसलं, तर गट बदला. गट सोडून घरी बसू नका.

इतरांचे अनुभव ऐकणं-वाचणं

उपयोग होतो, पण सगळ्यांचा नाही. ज्या अनुभवकथनात निम्म्याहून जास्त भाग पिण्याच्या दिवसांचा असतो (किती प्यायलो, कुठे पडलो, काय गंमत केली), ते पहिल्या काही महिन्यांत बहुतेकांची तलफ वाढवतं, भलेही शेवट उपदेशाने होवो. कामाचा अनुभव तो, ज्यात पाचव्या महिन्यातल्या एका कंटाळवाण्या दुपारी माणसाने काय केलं हे असतं. नोकरीच्या ठिकाणी कसं सांगितलं, लग्नसमारंभातून कोणतं वाक्य बोलून निघाला, झोप कधी परत आली, घसरल्यावर दुसऱ्या सकाळी पहिला फोन कुणाला केला. ओळखायची सोपी खूण: ऐकण्या-वाचण्याआधी तलफेचा आकडा लिहा आणि नंतर लिहा. दोनने वाढला तर तो आवाज, तो माणूस सध्या तुमच्यासाठी नाही.

आणखी एक सापळा म्हणजे तुलना. ‘हा तर सकाळपासून प्यायचा, माझं तेवढं नव्हतं’ असं मनात आलं की पुढचं वाक्य ‘म्हणजे मी मोजून घेऊ शकतो’ हे असतं. प्रमाण, नोकरी गेली की राहिली, तुरुंग झाला की नाही या गोष्टी बाजूला ठेवून लपवणं, शपथा, सकाळची लाज यांत आपलं काय जुळतं तेवढंच शोधायचं. जो अनुभव सांगता सांगता एखादी पावडर, काढा, शिबिर विकू लागतो त्याच्यापासून लांब राहावं, हे वेगळं सांगायला नको.

रात्री अकरानंतर अनुभव वाचत बसणं टाळा. झोप आधीच नाजूक असते, आणि अनोळखी माणसांच्या दुःखात शिरल्यावर मन जागं राहतं. शिवाय वाचनाने ‘आज आपण काहीतरी केलं’ असं समाधान मिळतं आणि फोन राहून जातो. वाचन हा फोनला पर्याय नव्हे. वाचलेल्यातली एक गोष्ट उचलून दुसऱ्या दिवशी करून पाहिली तरच ते कामी आलं.

स्वतः लिहिणं

रोज दहा मिनिटं, ठरलेल्या वेळी, शक्यतो धोक्याच्या खिडकीच्या आधी. पाच ओळी पुरतात: आजचा सर्वांत मोठा आकडा आणि त्याची वेळ, त्याआधी काय झालं, काय केलं, कुणाशी बोललो, उद्याच्या धोक्याच्या वेळेसाठी एक जर-तर वाक्य. ‘जर निघताना नेहमीची मंडळी भेटली, तर मी घड्याळ बघून “घरी थांबलेत” म्हणेन आणि न थांबता चालत राहीन.’ अशी जर-तर वाक्यं साध्या निश्चयापेक्षा जास्त पाळली जातात, कारण ऐन वेळी विचार करावा लागत नाही. ‘उद्या पिणार नाही’ या वाक्यात करायचं असं काहीच नसतं.

मनातलं खोल काढून लिहिण्याची पद्धतही आहे. मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनेबेकर यांनी १९८०च्या दशकात अभ्यासलेली ही पद्धत म्हणजे सलग तीन-चार दिवस, रोज पंधरा-वीस मिनिटं एका क्लेशदायक गोष्टीवर न थांबता लिहिणं. ती बऱ्याच जणांना हलकं करते. पण पहिल्या दोन-तीन महिन्यांत जुना आघात, लहानपणीचे अत्याचार अशा विषयांवर एकट्याने, रात्री असं लिहू नये. उघडलेली जखम शांत करायला इतकी वर्षं जे वापरलं तेच हात शोधतो. तो विषय समुपदेशकासमोर काढावा.

वही कुणी वाचायची नाही, हे घरात स्पष्ट बोलून घ्या. वाचली जाणार अशी शंका आली की माणूस वाचकासाठी लिहू लागतो आणि नोंदी गोड होतात. जाहीर लिहायची घाई तर मुळीच नको. शंभर जणांनी अभिनंदन केल्यावर ऐंशीव्या दिवशीची घसरण कबूल करणं फार जड जातं, आणि लपवलेली घसरणच लांबते. किमान वर्षभर वाचक एकच ठेवा, स्वतः. आणि महिन्यातून एकदा वहीतली दोन पानं समुपदेशकाला किंवा स्पॉन्सरला वाचून दाखवा.

औषधं

याबद्दल थोडक्यात सांगतो, कारण फार कमी जणांना विचारलं जातं. नालट्रेक्सोन (बहुधा रोज ५० मिलिग्रॅम) पिण्यातली मजा आणि ओढ कमी करतं. अफूवर्गातली औषधं आधी ७ ते १० दिवस बंद असावी लागतात आणि यकृत तपासावं लागतं. अकॅम्प्रोसेट आधीच थांबलेल्या माणसाला टिकायला मदत करतं. मूत्रपिंडाचं काम कमी असेल तर मात्रा बदलते किंवा देत नाहीत. डायसल्फिरामचं काम वेगळं. त्यावर दारू घेतली की चेहरा लाल होणं, उलट्या, धडधड, रक्तदाब कोसळणं असा त्रास होतो, क्वचित जिवावर बेततं. ते शेवटच्या पेगनंतर किमान १२ तासांनी, माणसाला पूर्ण समजावून, त्याच्या संमतीनेच सुरू करायचं. गोळी बंद केल्यावरही दोन आठवड्यांपर्यंत त्रास होऊ शकतो, आणि अल्कोहोल असलेलं खोकल्याचं औषधही चालत नाही. रोज सकाळी घरच्या माणसासमोर ती गोळी घेतली की तिचा परिणाम जास्त दिसतो. घरच्यांना देण्याजोगं हे एक चांगलं, मोजकं काम आहे. जेवणात किंवा चहात न सांगता मिसळणं मात्र कधीही नाही: त्यात जीव जाऊ शकतो आणि विश्वास तर जातोच.

घसरल्यास

घसरण होण्याआधी, आज, शुद्धीत असताना एक कार्ड लिहा आणि पाकिटात ठेवा. त्यावर: उरलेली ओतून दे; जिथे आहेस तिथून निघ; गाडी चालवू नको; या तिघांपैकी एकाला फोन; काहीतरी खा, पाणी पी; उद्या सकाळी डॉक्टरांना आणि गटात सांग. एका पेगने जेवढं नुकसान होतं त्याहून मोठं नुकसान त्यानंतरच्या ‘आता सगळं गेलंच’ या विचाराने होतं. मानसशास्त्रज्ञ अ‍ॅलन मार्लट यांनी घसरणीचा अभ्यास करताना हीच साखळी दाखवली: नियम मोडला, म्हणजे मी नालायक, म्हणजे आता थांबण्यात अर्थ नाही. म्हणून दिवस मोजताना दोन आकडे ठेवा, सलग किती आणि एकूण किती. सलगचा आकडा शून्य झाला तरी गेल्या ९० दिवसांतले ८९ कुणी काढून घेऊ शकत नाही. मग वहीत त्या दिवसाची नोंद नेहमीच्याच पाच ओळींत करा. माफीनामा लिहू नका. खिडकी कोणती होती, यादीतल्या कुणाला फोन झाला नाही आणि का, एवढं हाती लागलं तरी पुढची दुरुस्ती करता येते.

पहिले ९० दिवस आधार दाट असू द्या: रोज फोन, आठवड्यातून तीन-चार मीटिंगा, पंधरा दिवसांतून एकदा समुपदेशक. त्यानंतर विरळ करायला हरकत नाही, पण ठरवून, एका वेळी एकच गोष्ट कमी करून. चौथ्या ते सहाव्या महिन्यात जे घसरतात त्यांच्याकडे पाहिलं तर बहुधा क्रम असा दिसतो: आधी वही सुटली, मग फोन ‘नंतर करतो’वर गेला, मग मीटिंगच्या दिवशी काम निघू लागलं, आणि ‘मी ठीक आहे’ हे वाक्य वाढलं. पेग त्यानंतर कधीतरी आला. हा क्रम तुमच्या तिसऱ्या माणसाला, तोंडावर सांगणाऱ्याला, आधीच सांगून ठेवा. त्याला हे तुमच्याआधी दिसेल.

घरच्यांनाही स्वतःचा आधार लागतो, आणि तो सोडणाऱ्याच्या यशावर अवलंबून नसावा. अल-अ‍ॅनॉन हे कुटुंबीयांसाठीचं गट-जाळं १९५१ पासून आहे. माणूस अजून सोडायलाच तयार नसेल, तर रॉबर्ट मेयर्स यांनी विकसित केलेली ‘क्राफ्ट’ ही पद्धत जाणणारा समुपदेशक मिळतो का बघावं. तीत न प्यायलेल्या वेळी जवळीक वाढवणं, प्यायलेल्या वेळी शांतपणे बाजूला होणं, पिण्याचे परिणाम सावरायला न धावणं आणि योग्य क्षणी उपचाराचा विषय काढणं हे घरच्यांना टप्प्याटप्प्याने शिकवतात.

राहिला एक प्रसंग, ज्याची तयारी कुणीच करत नाही: ज्याला फोन करायचा ठरला आहे तोच घसरला तर. असं होतं. त्याला एकट्याने आणायला, विशेषतः तो पीत बसला आहे तिथे, पहिल्या वर्षात जाऊ नका. गटातल्या जुन्या दोघांना कळवा, त्यांना जाऊ द्या. त्याच दिवशी तुमच्या यादीतलं त्याचं नाव खाली सरकवा, वरच्या जागी दुसरं लिहा आणि त्या दुसऱ्याला त्याच संध्याकाळी सवयीचा फोन करा. तो परत आला की त्याला पुन्हा फोन करता येईलच.